पेपरमिंट विरघळेपर्यंत

त्या भागातल्या चर्चच्या पाळकांच्या पँटी जितक्या वेळा आखूड झाल्या, सैल झाल्या आणि परत घट्ट झाल्या, तितक्या दुसऱ्या कुठल्या धंद्यातल्या माणसांच्या झाल्या नसतील. कारण साधं होतं. ज्या मावशीकडं ते मन मोकळं करायला येत, तिची खोली तिच्या जावेच्या शिलाईच्या दुकानामागं होती, आणि त्या दुकानात रिकाम्या हातानं शिरायची पाळकांना लाज वाटायची.

चर्चचा पाळक म्हणजे अख्ख्या मंडळीची दुखणी ऐकून घेणारा माणूस. त्याचंच काही दुखतंय हे लोकांना कळलं तर कसं दिसणार? म्हणून कुणी पिशवीत पँट घालून यायचा, कुणी कोट. एक म्हातारे पाळक तर दर खेपेला उपासनेचा एकच झगा घेऊन येत आणि म्हणत, "बाई, बटण तुटलंय." बटण ते वाटेत स्वतःच तोडत. जाऊ काही न बोलता झगा ठेवून घ्यायची, पायमशीन थांबवायची आणि मागच्या पडद्याकडं हनुवटी उडवायची. पडदा सरकवला की मावशीची खोली.

खोली कसली, पूर्वी तिथं कापडाचे तागे ठेवत. आता दोन खुर्च्या होत्या. त्यातली बऱ्या गादीची पाहुण्याची, कुरकुरणारी मावशीची. चहाची किटली, पाण्याचा तांब्या, खिडकीबाहेर सायकलींची रांग, आणि मधल्या टेबलावर झाकणाची काचेची बरणी. बरणीत पांढऱ्या पेपरमिंटच्या गोळ्या. मावशीचं प्रमाणपत्र परसाकडच्या दाराच्या मागं अशा जागी लावलं होतं, की दार उघडं असलं की ते झाकून जायचं आणि दार लावलं की अंधारात दिसायचं नाही.

त्या प्रमाणपत्रावर लिहिलं होतं 'आध्यात्मिक मार्गदर्शक व समुपदेशक'. मार्ग मात्र ती कुणाला दाखवत नसे. "रस्ता त्यांना पाठ असतो," ती म्हणायची, "चप्पल कुठं काढली तेवढं आठवत नसतं."

उमेदीची सगळी वर्षं तिनं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. कानाला यंत्र लावायचं, याची तार त्याला जोडायची, त्याची ह्याला, आणि मधे आपण तोंड घालायचं नाही. पुढं ती नोकरी यंत्रांनी खाल्ली. मग चर्चच्या संस्थेचा अभ्यासक्रम तिनं केला, तरण्याताठ्या पोरांच्या शेजारी बसून परीक्षा दिली, आणि बिशपसाहेबांनी तिला कामावर घेतलं. नव्या पाळकाला कामात तयार करायचं, जुना थकला तर त्याचं ऐकायचं, आणि मंडळी आपसात भांडली तर त्यांची बैठक घ्यायची. एका नव्या पाळकाला कुणालाच 'नाही' म्हणता येत नव्हतं. मावशी त्याच्यापुढं चहा ठेवत गेली आणि तो पीत गेला. शेवटी पोटाला तडस लागल्यावर तो ओरडला, "नको म्हटलं ना!" मावशी म्हणाली, "झालं की शिकून. आता जा, मागं उजव्या हाताला आहे."

खरी पंचाईत वेगळीच होती. मावशीचं तोंड जन्मजात मोकळं. घरी दुधाच्या पातेल्यापासून भाचीच्या नवऱ्याच्या मिशीपर्यंत प्रत्येक गोष्टीवर तिचा सल्ला तयार. नवरा वैतागून म्हणायचा, "बाहेरच्यांना कान आणि आम्हाला तोंड. एखाद दिवशी उलटं कर की गं." शिकवणाऱ्या बाईंनीही पहिल्याच आठवड्यात तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "तुमच्यासारखी ऐकणारी शोधून सापडणार नाही, फक्त कुणी तरी तुमचे ओठ शिवले पाहिजेत."

ओठ शिवण्यापेक्षा पेपरमिंट बरी. पाहुणा बसला की मावशी बरणीतून एक गोळी घ्यायची आणि गालात ठेवायची. गोळी आहे तोवर बोलायचं नाही. चावायची नाही, ढकलायची नाही, आपोआप विरघळू द्यायची. तेवढ्या वेळात समोरचा माणूस हवापाण्यावर बोलून संपायचा, बायकोच्या तब्येतीवर बोलून संपायचा, आणि मग खरं काय ते बाहेर यायचं. पाळक लोकांत ती पेपरमिंट मावशी म्हणूनच ओळखली जायची.

दुसरा नियम, इथलं इथंच. पडद्याच्या आतलं पडद्याच्या बाहेर न्यायचं नाही. मग सांगणारा पाळक असो, मंडळीचा पंच असो नाहीतर खुद्द बिशप असो. याची तार त्याला जोडण्याचा धंदा मावशीनं एक्स्चेंजमध्येच सोडला होता.

जावेला हे फार जड जायचं. डोळ्यांसमोरून एवढी माणसं जातात आणि एक शब्द कानावर पडत नाही! मग तिनं स्वतःची विद्या काढली. "वहिनी," ती टाचण्या तोंडात धरून म्हणायची, "त्या जाड्या पाळकांनी कंबर आत घ्यायला दिली. जेवण तुटलंय माणसाचं. बायकोशी बिनसलंय ना?"

"तू शिलाई कर."

"आणि त्या डोंगराकडच्यांनी सैल करायला दिली. म्हणजे बरे झाले. हो की नाही?"

मावशी गालात पेपरमिंट ठेवायची.

"बसा ठेवून! मीही काही सांगायची नाही तुम्हाला," जाऊ म्हणायची, आणि पुढचा तासभर सांगत राहायची.

असं सगळं ठीक चाललेलं असताना उंच पाळक आले.

हे उंच पाळक नदीपलीकडच्या मंडळीचे. माणूस ताडासारखा, आवाज घंटेसारखा, आणि प्रार्थनेची ख्याती अशी, की त्यांनी डोळे मिटले की मागच्या बाकावरच्या बायका घरच्या शेगडीची काळजी करू लागत. साऱ्या जगाला आशीर्वाद देऊन झाला की ते परत पहिल्यापासून सुरू करत. तर हे उंच पाळक काळी पँट घेऊन आले आणि जावेला म्हणाले, "जरा आखूड करा."

"पुन्हा?" जाऊ म्हणाली. "मागच्या दोन खेपांना पण केलीय की. आता मोजे दिसायला लागतील."

"दिसू देत," पाळक म्हणाले आणि पडद्याआड गेले.

मावशीनं गोळी तोंडात ठेवली. पाळक हवेबद्दल बोलले. चर्चच्या छपराबद्दल बोलले. मेव्हण्याच्या फरशीच्या दुकानाबद्दल जरा जास्तच बोलले. मावशीची गोळी चपटी होऊन जिभेवर कागदासारखी उरली, तेव्हा ते म्हणाले, "मावशी, माझी प्रार्थना गेली."

मावशीनं मान हलवली.

"गेली म्हणजे गेलीच. उभा राहतो, तोंड उघडतो, दोन वाक्यं निघतात आणि पुढं खडखडाट. आत कुणी नाही. मग डोळे मिटून नुसता उभा राहतो. घामानं पाठ भिजते. कसंबसं आमेन म्हणतो. अहो, घरी एकटा बसलो तरी तेच. भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं."

"कधीपासून?"

"पुष्कळ दिवस झाले. पहिल्यांदा पँट आणली ना, तेव्हाच सांगणार होतो. सांगवेना." त्यांनी लांबलचक हातांनी चेहरा चोळला. "मंडळीला फसवतोय मी. वर्षअखेरीला बिशपसाहेबांना सांगणार, मला मोकळं करा. मेव्हणा म्हणतो दुकानात ये. फरशी तरी खरी असते."

"हे मंडळीत कुणाला बोललात?"

पाळक असे दचकले, की गुडघे टेबलाला लागून बरणी खणखणली. "छे! पाळकाची प्रार्थना आटली हे मंडळीला सांगायचं? त्यापेक्षा पोहता येत नसताना मी नदीत उडी घेईन."

जाताना ते म्हणाले, "हे तुमच्यात राहील ना?" मावशी म्हणाली, "इथलं इथंच." आणि शब्द दिला तो दिला.

आठवडा सरला असेल नसेल, दुकानात पंपवाला आला. हा त्याच मंडळीतला पंचांचा मुख्य. पंप दुरुस्त करायचा, बोअरमध्ये मोटारी सोडायचा, आणि कुणाच्याही घरी गेला तरी नळाखाली हात धरून धार बघायचा. त्याच्या हातात कामाचा डगला होता. "खिसा फाटलाय," तो जावेला म्हणाला. खिसा चांगला धडधाकट होता. जावेनं हनुवटी उडवली.

आत येऊन तो बऱ्या खुर्चीत बसला आणि पेपरमिंट न विचारता घेऊन कडाकडा चावली. "मावशी, आमचे पाळक तुमच्याकडं येतात, ठाऊक आहे मला. त्यांची पँट दर खेपेला आखूड होऊन येते."

मावशीनं गोळी गालात ठेवली. येतात म्हणाली नाही, येत नाहीत म्हणाली नाही.

"नका बोलू. मी कुठं विचारतोय? मी फक्त सांगायला आलोय. तुम्ही त्यांचं जे काय चालवलंय ना, ते बंद करू नका. हात जोडतो."

मावशीच्या गालात गोळी थांबली.

"माणूस बदलला हो! आधी प्रार्थना म्हणजे काय होती? नळ सोडून कुणी तरी गावाला गेल्यासारखी. आता कशी आटोपशीर! दोन वाक्यं बोलतात आणि थांबतात. डोळे मिटून उभे. सगळं चर्च चिडीचूप. माझी बायको त्या शांततेत रडते. का रडतेस म्हटलं तर म्हणते, बरं वाटतं म्हणून. मी स्वतः..." तो इकडंतिकडं बघून पुढं वाकला. "मी स्वतः प्रार्थना करतो, मावशी. इतकी वर्षं नुसता घड्याळ बघायचो. आणि साधेपणा किती आलाय! पँट बघा, घोट्यांच्या वर गेली. स्वतःकडं लक्षच नाही, एवढा देवात गढलाय माणूस. आम्ही पंचांनी ठरवलंय, बिशपसाहेबांना सांगायचं की यांना हलवू नका."

मावशीची गोळी संपली होती. जिभेच्या टोकावर पाळकांचा अख्खा किस्सा येऊन बसला होता. तो तिनं गिळला आणि तिच्या कामात बसेल एवढंच विचारलं, "हे पाळकांना सांगितलंत?"

"तोंडावर?" पंपवाला खुर्चीतून उठलाच. "काय बोलता! पाळकाचं तोंडावर कौतुक करायचं नाही, ही आमच्या मंडळीची जुनी शिस्त आहे. माझ्या वडलांनी केलं नाही, आजोबांनी केलं नाही. कौतुक केलं की पाळक चढतो, आणि चढला की लांबतो. आमच्यात सगळ्यात मोठं बोलायचं म्हणजे 'तक्रार नाही.' त्याच्यावर कुणी जात नाही."

"मग त्यांना कळणार कसं?"

"कळायचं काय त्यात? कुणी तक्रार करत नाही, याच्यावरून माणसाला कळायला नको?"

तो गेला आणि मावशी कुरकुरत्या खुर्चीत बसून राहिली. एक माणूस आपण मंडळीला फसवतोय म्हणून चाललाय, आणि दुसरे त्याला जाऊ देणार नाहीत म्हणून बिशपकडं निघालेत. मधे एका पडद्याचं अंतर, आणि पडद्याची दोरी हिच्या हातात. एक तार जोडली की काम फत्ते! पण जोडली की दुसऱ्या दिवसापासून या खोलीत कुणी पाळक खरं बोलणार नाही. नुसती बटणं लावायला येतील.

त्या आठवड्यात मावशीनं घरच्यांना सळो की पळो करून सोडलं. आत दाबलेलं सगळं दुसरीकडून फुटत होतं. नवऱ्याला दाढी कुठून सुरू करावी ते सांगितलं. शेजारणीला तिच्या सुनेबद्दल सांगितलं, सुनेला शेजारणीबद्दल. जावेला म्हणाली, तुझ्या मशीनपुढचं पायपुसणं चुकीच्या जागी आहे. जाऊ तिच्याकडं बघतच राहिली.

"वहिनी, त्या उंच पाळकांचं काही तरी मोठं आहे ना?"

"का?"

"तुम्ही आज पायपुसण्यावर घसरलात म्हणून विचारलं."

मावशीनं पेपरमिंट काढली. बरणीचा तळ दिसत होता.

"नका सांगू," जाऊ म्हणाली. "पण मी एक सांगते. चांगला माणूस पँट आखूड करून मागायला लागला, की त्याला जमिनीपासून पाय उचलायचे असतात. निघायच्या तयारीत आहे तो." आणि धागा तोडून तिनं त्या काळ्या पँटीची दुमड अशी हलक्या हातानं दाबली, जशी पोराच्या कपाळावर पट्टी ठेवावी.

पुढच्या भेटीला मावशीनं पाळकांना एवढंच विचारलं, "निघायचंच असेल तर मंडळीला तोंड दाखवून निघाल, का बिशपच्या मागल्या दारानं?"

पाळक लाल झाले. वर्षअखेरीची बैठक मावशीच घ्यायची. पाळक आणि पंच समोरासमोर, बिशपकडं जायच्या आधी. दर वर्षी त्यात छपराचं आणि रंगाचं बोलणं व्हायचं आणि सगळे चहा पिऊन घरी जायचे. "ठीक आहे," पाळक म्हणाले. "त्या बैठकीत सांगतो. मग तर झालं?"

"मला काय विचारता? तुमचं तोंड आहे." हे बोलताना मावशीला त्यांचाच हेवा वाटला.

बैठक चर्चच्या बाजूच्या खोलीत भरली. खुर्च्या गोल मांडलेल्या, वर पंखा किरकिरत होता. पंपवाला आणि इतर पंच होते. एका कडेला निवृत्त मास्तरीणबाई होत्या, ज्या शब्द खडूसारखे मोजून वापरत. उंच पाळक दाराजवळच्या खुर्चीत बसले. गुडघे छातीशी आले होते आणि पँट पोटरीवर.

मावशीनं नवी भरलेली बरणी फिरवली. "प्रत्येकानं एक घ्या. ज्याच्या तोंडात गोळी त्यानं बोलायचं नाही. संपली की बोला, बोलून झालं की नवी घ्या."

"चावली तर?" पंपवाला म्हणाला.

"तर आधी तुम्हीच बोलायचं."

कडाड् आवाज झाला. पंपवाला उभा राहून बोलला. छपराबद्दल बोलला, रंगाबद्दल बोलला, फाटकाच्या बिजागरीबद्दल बोलला. मग घसा खाकरून म्हणाला, "पाळकांबद्दल म्हणाल, तर तक्रार नाही."

बाकीच्या पंचांनी मोठ्या समाधानानं माना डोलावल्या. त्यांच्या मते आज कौतुकाचा जरा अतिरेकच झाला होता. इकडं पाळकांचा चेहरा पडला. एवढ्या वर्षांचा जमाखर्च काय, तर तक्रार नाही.

मावशीचा जीव कासावीस झाला. हाच माणूस माझ्या खोलीत बसून बायको रडते म्हणून सांगत होता! तिचं तोंड उघडलंही. उघडलं ते उघडलं, म्हणून तिनं त्यात दुसरी गोळी कोंबली. आता दोन्ही गाल फुगले. समोरचा पंच तिच्याकडं बघून हसू दाबत होता.

पंखा किरकिरत राहिला. चघळण्याचे बारीक आवाज येत होते. तेवढ्यात मास्तरीणबाईंनी रुमालानं ओठ टिपले.

"माझी आहे तक्रार," त्या म्हणाल्या.

पंपवाला चमकून त्यांच्याकडं वळला. मावशीही.

"पूर्वी पाळकसाहेब एवढं बोलायचे, की माझं देवाशी बोलायचं राहूनच जायचं. अलीकडं ते मधे थांबतात. मला आवडतं. मी डोळे मिटते, आधी स्वतःचं सांगते, मग मुलांचं, मग माझ्या बहिणीवर येते. तिच्याशी मी बोलत नाही. तिच्यासाठी काय मागावं ते मला पटकन सुचत नाही. सुचायला लागलं, की पाळकसाहेब आमेन म्हणून टाकतात. दर रविवारी बहिणीपाशीच अडतं. माझं म्हणणं आहे, आणखी थोडं थांबत जावं." त्यांनी बरणीतून नवी गोळी घेतली. "झालं माझं."

उंच पाळकांनी तोंडातली गोळी काढून तळहातावर घेतली. ती अजून जवळजवळ अख्खी होती.

"बाई," ते म्हणाले, "मी थांबत नव्हतो. मी अडकत होतो. मला प्रार्थना येत नाही. किती तरी महिने येत नाही. तुम्ही ज्याला शांतता म्हणता, त्यात मी नुसता घाम पुसत उभा असतो. मी तुम्हाला फसवलंय. म्हणून जाणार आहे. हे सांगायलाच आज आलो."

मावशी दोन गोळ्यांमागून श्वास घ्यायला विसरली.

पंपवाल्यानं गोळी चावायचाही वेळ घेतला नाही. सरळ हातात काढली. "फसवलं काय फसवलं? पाणी आलं नाही म्हणून पंपाला कुणी चोर म्हणतं का?"

"मी पंप नाही हो."

"हवा धरलीय तुम्ही. चांगल्या चांगल्या पंपाला होतं. मोटार फिरते, आवाज येतो, पाणी चढत नाही. तसाच रेटला तर जळतो. त्याला बंद ठेवायचा, आणि वरून आपण पाणी ओतायचं. भरला की उचलतो." बोलता बोलता त्याचा चेहरा उजळला. "तुम्ही बाकावर बसा. मंडळीची प्रार्थना आम्ही करू."

"आम्ही म्हणजे कोण?"

सगळे पंच फरशीकडं बघू लागले.

"मी!" पंपवाला म्हणाला.

मावशीला पुढचं सगळं स्वच्छ दिसलं. पण दोन्ही गाल भरलेले होते, आणि नियम तिनंच केला होता.

निघताना पंपवाला पाळकांजवळ घुटमळला. हातातली चिकट गोळी कुठं ठेवावी त्याला कळत नव्हतं. "जाऊ नका," तो त्यांच्या बुटांकडं बघत म्हणाला. "नाहीतर मी परत घड्याळ बघायला लागेन." आणि एवढं कौतुक तोंडावर केल्याच्या धास्तीनं झटकन बाहेर पडला.

पाळक गेले नाहीत. निदान इतक्यात नको, असं त्यांनी बिशपसाहेबांना कळवलं. उपदेश ते करत, आणि प्रार्थनेची वेळ आली की खाली उतरून बाकावर बसत.

पंपवाल्यानं पहिल्याच रविवारी मंडळीला पाणी दाखवलं. सगळ्या विहिरींसाठी आभार मानले. सगळ्या बोअरसाठी मानले, खोलीसकट. मग आजाऱ्यांवर आला. कुणाचं पित्त, कुणाचा गुडघा, आणि दुसऱ्या बाकावरच्या सद्गृहस्थांची मूळव्याध. त्यांनी ती त्याला नळ बसवताना मोठ्या विश्वासानं सांगितली होती. ती त्यानं देवाला बारकाव्यानिशी समजावून सांगितली. ते गृहस्थ पुढच्या रविवारी आलेच नाहीत. त्यांच्यासाठीही प्रार्थना झाली, नाव घेऊन, आणि कारणासकट.

असे काही रविवार गेले. मग एक दिवस मशीन चालू असताना उंच पाळक दुकानात घुसले आणि हनुवटीची वाट न बघता थेट पडद्याआड गेले. मावशीनं नेमकी गोळी तोंडात ठेवली होती.

"मावशी, आली!"

मावशीनं भुवया उंचावल्या.

"प्रार्थना! काल आली. मी बाकावर बसलो होतो. पंपवाला पार विहिरीच्या तळाशी, पाइपाच्या फूटव्हॉल्व्हवर पोचला होता. फूटव्हॉल्व्हबद्दल देवाला काय सांगायचं असतं? पण सांगत होता. माझ्या पुढच्या बाकावर एक म्हातारे झोपले होते, त्यांच्या बायकोनं कपाळाला हात लावला होता. आणि मावशी, माझ्या आतून, अगदी बेंबीच्या देठापासून आलं, देवा, याला आवर!"

मावशीच्या खांद्यांना कंप सुटला.

"हसू नका. किती दिवसांनी मी कुणाशी तरी बोललो! आत कुणी तरी होतं ऐकायला. मी म्हटलं, देवा, याला आवर, त्या म्हाताऱ्याची मान अवघडेल. देवा, त्या मूळव्याधवाल्याला परत आण. मग म्हटलं, देवा, माझी पण प्रार्थना अशीच लांबायची का रे? एवढी वर्षं या लोकांनी सोसलं? आणि मग मला मास्तरीणबाईंची बहीण आठवली. तिच्यासाठी पण मागितलं. थांबताच येईना!"

"मग तो आवरला का?" मावशीनं कसंबसं विचारलं.

"छे! त्यानंतर पाण्याच्या टाक्या सुरू झाल्या. पण मी मागितलं, मावशी. मनापासून मागितलं."

मावशीला एवढं हसू फुटलं की पेपरमिंट अख्खी घशाखाली गेली. ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. पाळकांनी तिच्या पाठीवर थापा मारल्या, तांब्यातलं पाणी दिलं. पडद्याबाहेर मशीन कधीचं थांबलं होतं.

पाळक बाहेर आले तेव्हा जाऊ टाचणीच्या डबीत काही तरी शोधत असल्यासारखी खाली वाकली होती.

"बाई," पाळक जरा लाजत म्हणाले, "या पँटीचं काही होईल का? परत प्रार्थनेला उभं राहायचं म्हणतोय. पण पोटऱ्या उघड्या घेऊन नको. कापड तर तुम्ही कापून टाकलं असेल."

जाऊ उठली. पाळकांच्या पायाशी बसून तिनं दुमड उलटी केली आणि दाखवली. एकात एक, तिन्ही वेळचं कापड आत दुमडलेलं होतं. इस्त्रीच्या रेघा तेवढ्या पडल्या होत्या.

"एक बोटभरसुद्धा कापलं नाही," ती म्हणाली. "आमच्याकडं येणाऱ्या माणसांची पँट मी कापत नसते. कधी कोण परत लांब होईल सांगता येत नाही. थांबा, आत्ता उसवून देते."

"पाळकसाहेब, सगळी नका उसवून घेऊ," आतून मावशी ठसकत ओरडली. "मधे त्या एका बहिणीपुरती थांबायला जागा ठेवा!"

बोलली आणि तिनं स्वतःच जीभ चावली. दुकानात जाऊ, कात्री हातात, डोळे मोठे करून पडद्याकडं बघत होती.

"कुठली बहीण?" ती म्हणाली. "वहिनी, कुणाची बहीण? अहो वहिनी?"

पडद्याआड बरणीचं झाकण खणकलं.